बायोबँकेतला नमुना आणि केसपेपर जोडायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, मेडिकल कॉलेज कुठलंही असो. बायोबँकेत, म्हणजे रक्ताचे-गाठींचे नमुने जपून ठेवतात तिथे, साठवलेला नमुना रुग्णाच्या रेकॉर्डशी जोडून प्रबंधासाठी अभ्यास करायचा तर एथिक्स कमिटीची (संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते. प्रोटोकॉल, गाइडची सही, विभागप्रमुखांचं पत्र हे सगळेच जोडतात. अर्ज परत येतो तो संमतीपत्रावरून.

ऑपरेशनआधी घेतलेली सही ही ऑपरेशनची संमती, संशोधनाची नव्हे. ‘गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू’ एवढं लिहून घेतलं, तरी केसपेपर आणि रिपोर्ट बघायची परवानगी त्यात येत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा, आणि पेशंटला कळेल अशा मराठीत. इंग्रजी फॉर्मवर अंगठा उमटवून आणला तर कमिटी विचारणारच, की यांना नेमकं काय समजलं होतं? अंगठा असेल तिथे त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी. टीममधलाच रेसिडेंट साक्षीदार चालत नाही.

जुन्या पॅराफिन ब्लॉकसाठी (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यांसाठी) अशी संमती सहसा नसते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीतून सूट मागता येते, पण ती कमिटी देते. आपणच ‘गरज नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. ‘पेशंट सापडत नाही’ म्हणताना कसा शोधला तेही लिहा. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर गेला, फोन लागला नाही, म्हणून तो बेपत्ता होत नाही. उन्हाळ्यात गावाकडे चौकशी करा.

दुसरी हमखास चूक: एका पानावर ‘ओळख कायमची पुसलेली’ आणि पुढच्या पानावर ‘दोन वर्षं फॉलोअप’. ओळख पुसली तर फॉलोअप कुणाचा घेणार? नमुन्याला कोड द्या आणि कोड व नाव जुळवणारी यादी कुणाच्या ताब्यात राहील ते स्पष्ट लिहा. ‘विभागात’ हे उत्तर नव्हे. ओपीडीचा नंबर जोडणीसाठी धरू नका. नव्या केसपेपरवर तो बदलतो आणि एकाच पेशंटचे दोन पेशंट होतात.

नमुने दुसऱ्या संस्थेत जाणार असतील तर हस्तांतरणाचा करार लागतो. परदेशी लॅब असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते; ती धरूनच वेळापत्रक आखा.

तारखेचा घोळ मात्र दरवर्षी ठरलेला. विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) वेळेत गेली म्हणजे एथिक्सची मंजुरी मिळाली, असं नाही. मंजुरीच्या तारखेआधी अभ्यासासाठी गोळा केलेल्या नमुन्यांना मागाहून परवानगी मिळत नाही, गाइडने कितीही फोन केले तरी.