तिबोटी खंड्या बघायला निघण्याआधी
(छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याहून कोकणच्या पावसाळी सहलीला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

"एवढे पैसे भरले, तरी पक्षी लांबूनच बघायचा?" हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यात ऐकावा लागतो. म्हणून गाडीत बसण्याआधीच हे वाचून घ्या.

पैठणला नाथसागराच्या काठी दिसणारे खंड्या बारमाही. तिबोटी खंड्याला मात्र ओलं, दाट जंगल लागतं. पावसाच्या तोंडावर तो दक्षिणेकडून कोकणात येतो आणि वीण उरकून परततो. रायगडचा तो जिल्हा पक्षी. चोचीसकट जेमतेम 13 सेंमी, पोट पिवळं-नारिंगी, पाठ गडद निळी, डोक्यावर जांभळी झाक, चोच लालभडक.

त्याचं घरटं काडीकचऱ्याचं नसतं. ओढ्याकाठची किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड पावसानं भिजली, की नर-मादी दोघंही चोचीनं माती उकरतात आणि पायानं मागे लोटतात. बोगदा मीटरभरापर्यंत लांब, शेवटी अंड्यांपुरता ऐसपैस कप्पा. 4-5 पांढरी अंडी, साधारण 17 दिवस उबवण, मग पिल्लं उडेपर्यंत 20 दिवसांच्या आसपास.

या दिवसांत आई-बापाची दमछाक बघण्यासारखी असते. सापसुरळी, खेकडा, चतुर, जे मिळेल ते आणायचं, फांदीवर आपटायचं, आणि आत न्यायचं. नीट बघा: सापसुरळीचं डोकं चोचीच्या टोकाकडे असेल, तर ती पिल्लांसाठी आहे, स्वतः गिळायची असती, तर डोकं घशाकडे असतं. पण माणूस जवळ दिसला, की पक्षी घास घेऊन तसाच ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. शिवाय आपल्या राबत्यानं वाट मळते, ती मुंगसालाही सापडते.

त्यामुळे गाईड सांगेल त्या आडोशामागूनच बघायचं. फ्लॅश नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं नाही. फोटो स्वच्छ यावा म्हणून बोगद्यासमोरच्या वेली तोडणं तर अजिबात चालणार नाही. घरट्याची जागा फेसबुकवर टाकू नका. रेनकोट मळकट हिरवा किंवा तपकिरी आणा.

फोटोची हमी आम्ही देत नाही. कुठे "हमखास फोटो" अशी जाहिरात दिसली, तर घरट्यापासून किती लांब बसवता, एवढं जरूर विचारा. दुर्बीण आमच्याकडून मिळेल, वेगळं भाडं नाही. मुसळधार पावसात घरट्याकडे जात नाही आणि त्या फेरीचे पैसे परत मिळत नाहीत, हे बुकिंग करतानाच लक्षात घ्यावं.