नेसुन डोर्मा

जाकोमो पुच्चिनी यांच्या ‘तुरानदोत’ या इटालियन ऑपेरातील एकल गीत (आरिया). तिसऱ्या अंकाच्या आरंभी टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, ते गातो. लांबी जेमतेम तीन मिनिटे. संहिता जुझेप्पे आदामी व रेनातो सिमोनी यांची. पुच्चिनी १९२४ मध्ये ऑपेरा अपुरा ठेवून वारले. शेवट फ्रांको आल्फानो यांनी पुरा केला आणि पहिला प्रयोग २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात झाला. हे गीत मात्र पूर्णपणे पुच्चिनींचेच.

शीर्षकाचा अर्थ ‘कुणीही झोपू नये’. ‘कुणी झोपलेले नाही’ हे भाषांतर चूक. हा हुकूम आहे, आणि तोही नायकाचा नव्हे. पेकिंगची राजकन्या तुरानदोत मागणी घालणाऱ्याला तीन कोडी घालते; उत्तर चुकले की शिरच्छेद. अनोळखी राजपुत्र कालाफ तिन्ही सोडवतो. तरी ती लग्नाला राजी होत नाही, तेव्हा तोच पैज लावतो: पहाटेपूर्वी माझे नाव शोधून काढ, मी मरायला तयार आहे. मग शहरात दवंडी पिटते की नाव कळेपर्यंत कुणी डोळा लावायचा नाही, नाही तर मृत्यू. लोक ते शब्द घोळवतात आणि कालाफ तेच उचलून गाऊ लागतो.

विजयगीत म्हणून ते जगभर गाजले, पण मधल्या भागात पडद्यामागून बायकांचा कोरस काय म्हणतो ते ऐकावे: त्याचे नाव कुणालाच कळणार नाही, आणि आपल्याला, हाय, मरावे लागणार. त्यावर कालाफचे उत्तर एवढेच की हे रात्री, विरून जा, तारकांनो, मावळा, पहाटे मी जिंकेन. थोड्याच वेळात त्याचे नाव ठाऊक असलेली दासी लिऊ छळ सोसून, नाव न सांगता, स्वतःला संपवते.

सुरुवात ‘जी मेजर’ या पाश्चात्त्य स्वरपट्टीत, दबक्या आवाजात होते. मुख्य चाल ‘डी मेजर’मध्ये उघडते. डीला षड्ज मानले तर शेवटच्या ‘विन्चेरो’तील (मी जिंकेन) ‘चे’ धैवतावर आणि ‘रो’ पंचमावर येतो. स्वरलिपीत तो धैवत निसटता आहे, पंचम दीर्घ. गायक नेमके उलट करतात: धैवत छाती फुटेस्तोवर ताणतात आणि पंचमावर कसेबसे उतरतात. टाळ्या मिळतात, पण विसाव्याचा स्वरच दुबळा पडतो. आधीच्या ओळींत जोर खर्चून बसलेल्याचा ‘चे’ घशात आवळतो, ते वेगळेच.

नाट्यपदाला वन्समोअर मिळावा तशी जागा पुच्चिनींनी येथे ठेवलेली नाही. शेवटचा स्वर विरण्याआधीच वाद्यवृंद पुढच्या प्रवेशात शिरतो. त्यामुळे मैफलीत गाताना शेवट वेगळा जोडावा लागतो. नाट्यगृहात टाळ्यांसाठी थांबायचे की नाही, हे वाद्यवृंदाचा संचालक ठरवतो.

इटालियन टेनर लुचानो पावारोत्ती यांनी हे गीत मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९९० च्या इटलीतील फुटबॉल विश्वचषकासाठी बीबीसीने पावारोत्तींचे गायन शीर्षकसंगीत म्हणून वापरले आणि ऑपेराचे तोंडही न पाहिलेल्यांच्या ओठी ‘विन्चेरो’ बसले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, ७ जुलैला, रोममधील काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास या तीन टेनरांनी ते वाटून गायले. संचालक पुन्हा मेहताच.