तुरटीचं कोठार: लशीबद्दलचा एक जुना गैरसमज

लशीतली अ‍ॅल्युमिनियमची संयुगं प्रतिजन (ज्याला ओळखून शरीर प्रतिकार उभारतं, तो लशीतला घटक) टोचल्या जागी साठवून थोडं थोडं सोडतात आणि म्हणूनच लस प्रभावी ठरते, असं कित्येक पुस्तकांत अजूनही छापलं जातं. मूळ कल्पना इंग्लंडच्या अलेक्झांडर ग्लेनी यांची. 1926 मध्ये घटसर्पाचं टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेलं विष) तुरटीसोबत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच एका संयुगासोबत, दिल्यावर प्रतिसाद वाढलेला त्यांना दिसला. निरीक्षण पक्कं होतं, कारण मात्र अंदाजानं लावलेलं.

2012 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी ते थेट तपासलं. उंदरांना लस टोचली आणि अवघ्या दोन तासांत टोचलेली जागाच कापून काढली. कोठारच नाहीसं! तरीही टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींच्या प्रतिसादात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इतका सरळ प्रयोग व्हायला आठ दशकं लागावीत, याचं खरंच वाईट वाटतं.

मग ही संयुगं करतात काय? टोचल्या जागच्या पेशींना ती डिवचतात. त्यातून निघणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यांमुळे रोगप्रतिकारक पेशी तिथे जमतात, प्रतिजन उचलून, जिथे प्रतिसाद उभा राहतो त्या लसीका ग्रंथींपर्यंत नेतात. या इशाऱ्यांपैकी नेमका कोणता निर्णायक, यावर अजून वाद आहे. प्रतिजन काही काळ तिथे रेंगाळतं हेही खरं, पण प्रतिसाद त्यावर अडून राहत नाही.