खुलासा: फक्त 0 ते 9 ठेवले म्हणून आकडे स्वच्छ होत नाहीत

कोड शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: 'मजकुरातले 0 ते 9 तेवढे ठेवा, बाकी उडवा, मग संख्या करा.'

तो पटतो, कारण '₹1,25,000/-' चे बरोबर 125000 होतात. पण '1250.50' मधला बिंदू गेला की 125050, आणि उणे चिन्ह गेलं की देणं-घेणं एकच. एररही येत नाही, हे सगळ्यात वाईट.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या याद्यांत एकाच रकान्यात इंग्रजी, मराठी, कन्नड असे तिन्ही अंक येऊ शकतात. वरच्या सल्ल्यानं '१२५०' पूर्ण पुसलं जातं. खरं तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं 'इंट' (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) देवनागरी आणि कन्नड अंक थेट वाचतं. अडतं ते स्वल्पविराम, '₹' आणि '/-' अशा चिन्हांवर. म्हणून तेवढीच काढा; बिंदू असेल तर 'इंट'ऐवजी 'फ्लोट' (दशांश संख्या करणारी आज्ञा) वापरा.

जमिनीची नोंद मात्र वेगळीच. '2-20' म्हणजे 2 एकर 20 गुंठे. एकराचे 40 गुंठे, म्हणजे अडीच एकर. सल्ला पाळला तर 220 होतात, डॅशच्या जागी बिंदू दिला तर 2.20, दोन्ही चूक. डॅशवर तोडा, गुंठ्यांना 40 नं भागा, एकरात मिळवा.

पडताळणी सोपी आहे. मूळ रकाना न पुसता शेजारी नवा करा. मूळ भरलेला पण नवा रिकामा, अशा ओळी काढून पाहा. मग नवा रकाना उतरत्या क्रमानं लावा: 220 एकरांचा शेतकरी सगळ्यात वर दिसेल.