चित्ता दिसल्यावर पुढे जाणारं हरीण

खुनाची एखादी मोठी बातमी आली की दोन दिवसांत एक ठरावीक वाक्य कानावर येतं : "लोकांना असलं वाचवतं तरी कसं?" बोलणाऱ्याने स्वतः ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली असते, हत्यार कुठे सापडलं इथपर्यंत त्याला सगळं पाठ असतं. मग खापर फुटतं मोबाइलवर, वेबसिरीजवर आणि 'आजकालच्या' पिढीवर.

पिढीचा यात काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शवागारात बेवारस प्रेतं काचेमागे मांडून ठेवत. कुणीतरी ओळख पटवावी, एवढाच हेतू. प्रत्यक्षात तिथे मुलाबाळांसकट बघ्यांची रीघ लागायची आणि एखादं प्रकरण गाजलं की गर्दी हजारांत जायची. अखेर १९०७ साली सर्वसामान्यांसाठी ते दार बंद करावं लागलं.

दुसरं तयार उत्तर म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या रसायनाची, 'अ‍ॅड्रेनलिनची नशा'. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. अ‍ॅड्रेनलिनने छाती धडधडते हे खरं, पण परीक्षेच्या हॉलबाहेरही हेच होतं आणि तिथे कुणी 'मजा आली' म्हणत नाही. शिवाय गादीवर लोळत चार तास जुन्या खटल्याची हकिकत ऐकणारा माणूस या हिशेबात बसतच नाही. शरीर या खेळात सामील होतं, एवढं मात्र नक्की. 'रक्त गोठवणारी गोष्ट' असं आपण म्हणतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१५ साली ते शब्दशः तपासलं. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवून त्यांचं रक्त घेतलं. भयपटानंतर रक्त गोठवणारं एक प्रथिन, फॅक्टर आठ, वाढलेलं आढळलं. प्रत्यक्ष गुठळ्या होण्याची खूण मात्र मिळाली नाही. म्हणजे रक्त तयारीला लागतं, गोठत नाही!

खरं उत्तर शोधायला मला आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवतात जायला आवडतं. तिथे थॉमसनचं गझेल राहतं, आपल्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतलं. चित्ता दिसला की त्याने धूम ठोकावी अशी आपली अपेक्षा. पण क्लेअर फिट्झगिबन या अभ्यासिकेने नोंदवलं की पुष्कळदा कळप उलट चित्त्याच्याच दिशेने चार पावलं पुढे येतो, थांबतो, टक लावून बघतो, तो हलला की त्याच्या मागे मागेही जातो. यात जिवाचा धोका आहे, कोवळ्या हरणांना तर जास्तच. तरी हे वेडं धाडस नाही. कळप मोठा आणि गवत आखूड असेल, म्हणजे धोका आवाक्यातला असेल, तेव्हाच ही हिंमत वाढते. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. 'तू दिसला आहेस' हे चित्त्याला कळतं आणि तो लांब निघून जातो. आणि चित्ता कसा चालतो, कसा दबा धरतो, पोट भरलेला चित्ता कसा दिसतो, हे हरणाला कळतं. छोटे गप्पी मासेही मोठ्या भक्षक माशाजवळ जाऊन असंच निरखून येतात. प्राणिशास्त्रात याला भक्षकाची पाहणी म्हणतात.

आता माणसाकडे या. आपल्याला मारणारा बहुतेक वेळा माणूसच असतो आणि त्याच्या अंगावर ठिपके नसतात. तो चारचौघांसारखा कपडे घालतो, नमस्कार करतो, हसतो. म्हणून तर पकडलेल्या खुन्याच्या शेजाऱ्यांचं 'किती साधा माणूस होता हो!' हे वाक्य आपण इतक्या चवीने वाचतो. त्याने विश्वास कसा मिळवला, पहिली शंका कुणाला आली, बळी कुठे चुकला, हे तपशील म्हणजे आपली पाहणी. फरक एवढाच की भाषा असल्यामुळे आपण ती गोष्टींतून करतो आणि चित्ता गजाआड असताना करतो.

इथे एक जुनी अंधश्रद्धा हमखास डोकं वर काढते. आरोपीचा फोटो छापून आला की 'डोळ्यांतच दिसतंय बघा' म्हणणारे निघतातच. इटलीच्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टराने १८७६ साली याच सामुद्रिकाला शास्त्राचा अंगरखा चढवला : गुन्हेगाराचा जबडा असा, कान तसे. इंग्लंडच्या तुरुंगांतले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी तीन हजारांहून जास्त कैद्यांची मापं घेऊन ती विद्यार्थ्यांच्या आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली जाहीर केलं की असा वेगळा शारीरिक नमुना अस्तित्वातच नाही. डोळ्यांत आपल्याला 'दिसतं' ते आधी बातमी वाचलेली असते म्हणून.

पाहणीची कल्पना खरी असेल तर ज्याला जास्त भीती वाटते तो जास्त बघेल. व्हिकरी आणि फ्रेली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवलं की खऱ्या खुनांची पुस्तकं स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त उचलतात. त्यातही बळी ठरू शकणारी बाई युक्तीने निसटली, असा उल्लेख ज्या पुस्तकाच्या सारांशात असेल, ते आधी.

पण मग त्यात आनंद कसला? हा माझा सगळ्यात आवडता भाग. डेन्मार्कमध्ये वायले इथल्या एका भुताटकीच्या घरात संशोधकांनी ११० लोकांना नाडी मोजणारी यंत्रं बांधून सोडलं (निकाल २०२० साली छापून आला). मुखवट्यातली माणसं अचानक अंगावर यायची. भीती किती वाटली आणि मजा किती आली, दोन्ही विचारलं. आलेख टेकडीसारखा निघाला : भीती कमी तर मजा कमी, फार जास्त तरी कमी, मधे कुठेतरी शिखर. नाडीने तर आणखी नाजूक गोष्ट सांगितली. तिचे मोठे चढउतार भीतीसोबत सरळ वाढत होते. मजेचं नातं होतं ते बारीक, क्षणोक्षणीच्या थरथरीशी, आणि तेही टेकडीच्याच आकाराचं. आपल्या नेहमीच्या लयीपासून थोडं ढळणं सुखाचं, फार ढळणं नाही.

मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला भाकीतदोष म्हणू. दोष शून्य असेल तर कंटाळा येतो, आवरेनासा असेल तर घाबरगुंडी उडते. या संशोधकांच्या मांडणीनुसार सुख दोषाच्या आकारात नसतं, तो किती वेगाने कमी होतोय यात असतं. गणिताच्या भाषेत, वक्राच्या उंचीत नाही, उतारात. दाराआड कोण आहे हे कळण्याचा क्षण म्हणजे तो तीव्र उतार. खुनी कोण हे आधीच ठाऊक असूनही 'कसा सापडला' यासाठी आपण थांबतो, ते याच उतारासाठी, असं मला वाटतं.

या यंत्रणेत एक खोट आहे. हरणाला निदान खरा चित्ता दिसतो, आपल्याला कुणीतरी निवडलेले चित्ते दाखवले जातात, तेही सगळ्यात विचित्र. रात्री पाठलाग करणारा अनोळखी विकृत माणूस गोष्टीत शोभतो, म्हणून पाहणी त्याचीच होते. प्रत्यक्षात जगभरात खून होणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के पुरुष असतात. आणि संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जाणूनबुजून मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ६० टक्के जणींना मारणारा त्यांचा जोडीदार किंवा घरातलाच कुणीतरी होता.