गच्चीवरचा टोस्ट कुरकुरीत कसा राहील?

मे महिन्यात इंदूरला दुपारी ऊन चाळिशीपार जातं, पण दिवस कलला की गच्चीवर वारा सुटतो आणि पाहुण्यांना आत बसवत नाही. अशा वेळी टोस्टवर काकडी, टोमॅटो किंवा मका घालून दिलेलं खाणं फार सोयीचं. अडचण एकच, बशी फिरेपर्यंत टोस्ट लिबलिबीत होतो. त्याचा दोष हवेला देऊ नका. माळव्यातली वैशाखाची हवा इतकी कोरडी असते की नुसता टोस्ट उघडा ठेवला तर तो आणखीच कडक होईल. पाणी येतं ते वरच्या सारणातून.

ब्रेडमध्ये वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणी असतं. भाजताना ते उडतं आणि मागे स्टार्च व ग्लूटेनचा काचेसारखा ठिसूळ सांगाडा उरतो. दाताखाली कर्रकन वाजतो तो हाच. त्यात थोडं जरी पाणी परत शिरलं, तरी स्टार्चच्या साखळ्या सैल होतात आणि टोस्ट चिवट लागतो. काकडीत पाणी ९५ टक्क्यांच्या आसपास, टोमॅटोतही जवळपास तेवढंच.

म्हणून पहिलं काम ब्रेड नीट वाळवण्याचं. कालचा ब्रेड घ्या. आठ स्लाइसचे प्रत्येकी चार चौकोन कापून मंद आचेवरच्या जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं ठेवा, मग आच जरा वाढवून सोनेरी करा. क्रम उलटा नको. मोठ्या आचेवर वरून रंग चटकन येतो, पण आतला ओलावा तसाच राहतो आणि थोड्या वेळाने बाहेर झिरपून वरचा पापुद्रा मऊ करतो. सोनेरी रंग आणि खमंग वास येतो तो साखर आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी ती १९१२ मध्ये मांडली. १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती झपाट्याने होते, आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. काळपट होऊ देऊ नका: चव कडवट होतेच, शिवाय ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन वाढतं.

भाजलेले तुकडे ताटात एकावर एक रचू नका. वाफ खालच्या तुकड्यावर जमते आणि केलेली मेहनत वाया जाते. जाळीवर किंवा पालथ्या चाळणीवर सुटे ठेवून पूर्ण गार करा.

मग वरच्या बाजूला तुपाचा पातळ हात. लोण्यापेक्षा तूप बरं, कारण बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. गार टोस्टवर तूप थिजतं आणि पाण्याला अडवतं. मात्र गच्ची अजून तापलेली असेल तर ते पातळ होऊन आत मुरतं. तेव्हा तूप लावलेले टोस्ट वाढेपर्यंत आतच असू द्या.

सारणातलं पाणी आधीच काढायचं. एक काकडी बारीक चिरून अर्धा चमचा मीठ लावा. परासरणामुळे १५ मिनिटांत वाटीत पाणी साचतं. ते मुठीत दाबून पिळा. अर्धा किलो दही फ्रिजमध्येच चार तास टांगून ठेवा. त्या चक्क्यात काकडी, पुदिना आणि हिरवी मिरची घाला. मीठ आता चाखूनच, कारण काकडीत ते आहेच. टोमॅटोच्या बिया आणि त्यांच्याभोवतीचा रसाळ गर काढून सारासाठी ठेवा, टोस्टवर फक्त मांसल भाग.

या सगळ्यांत टोस्टला सर्वांत मानवतो तो आपला भुट्ट्याचा कीस. किसलेला मका दुधात शिजताना त्यातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. कीस चमच्यावरून ओघळत नाही इतका आटवा आणि कोमट झाल्यावरच टोस्टवर घाला. गरम घातला तर वाफ थेट ब्रेडमध्ये शिरते.

सारण टोस्टवर घालायचं ते वाढण्याआधी दहा मिनिटं, जिरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव अगदी शेवटी, कारण शेवही तितक्याच लवकर सादळते. चक्क्याचं सारण थोडं थोडं बाहेर काढा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेलं टाकून द्या. उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका.

जूनमध्ये ढग जमू लागले की मात्र नुसता टोस्टही हवेतला दमटपणा ओढतो. तेव्हा गार झालेले तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि वाढण्याआधी कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परता. तूप त्यानंतर.