सौरघटामागचं बुडवण्याचं यंत्र

सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत 'प्राध्यापकांना सौरघटाचं पेटंट' अशी बातमी अधूनमधून झळकते. वाचणारा लगेच विचारतो, हे पॅनेल बाजारात कधी येणार? प्रश्न रास्त आहे. पण या भागातल्या संशोधनातली कल्पकता मला पॅनेलपेक्षा ते घडवणाऱ्या उपकरणांत जास्त दिसते.

सिलिकॉनचा घट बनवायचा तर अतिशुद्ध सिलिकॉन, तापलेल्या भट्ट्या, धूळमुक्त खोल्या हव्यात. कऱ्हाड-विट्याच्या कॉलेजला हे कुठून परवडणार? म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत सौरघटाला लागणाऱ्या पदार्थांचे पातळ थर काचेवर रासायनिक पद्धतीने चढवण्याची विद्या रुजली.

त्यातली 'सिलार' पद्धत समजून घेण्यासारखी आहे. निकोलाऊ या शास्त्रज्ञाने ती १९८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मांडली. चार चंचुपात्रं ओळीने मांडायची. पहिल्यात कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, उरलेल्या दोहोंत शुद्ध पाणी. काचपट्टी पहिल्या पात्रात बुडवली की कॅडमियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तिला चिकटतात. पाण्यात सैल आयन धुऊन निघतात. तिसऱ्या पात्रात सल्फाइडचे आयन चिकटलेल्या कॅडमियमशी जुळतात आणि कॅडमियम सल्फाइड तयार होतं. एका फेरीत थराची जाडी नॅनोमीटरच्या हिशेबात वाढते, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या. पिवळा रंग नीट दिसायला बऱ्याच फेऱ्या कराव्या लागतात. निर्वात पंप नको, भट्टी नको. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे सांडपाण्याची काळजी मात्र घ्यावीच लागते.

पन्नास फेऱ्या म्हणजे दोनशे वेळा बुडवणं. तासगावच्या बेदाणा शेडवर द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंगच्या द्रावणात किती वेळ ठेवायची ते सरावलेला हात जाणतो, आणि तिथे थोडं मागेपुढे चालून जातं. इथे चालत नाही. धुणं कमी पडलं तर सैल आयन पुढच्या पात्रात जातात आणि थर काचेवर चढण्याऐवजी द्रावणातच त्याचा साका बसतो. दमलेल्या विद्यार्थ्याच्या हातून पहिली आणि शेवटची बुडी सारखी कशी होईल? ठरावीक टप्प्यांनी फिरणारी स्टेपर मोटर आणि तिला हुकूम देणारी मायक्रोकंट्रोलर ही छोटी संगणक-चिप जोडून केलेलं बुडवण्याचं यंत्र हे काम चोख करतं. वेळ, वेग, फेऱ्या एकदा ठरवून दिल्या की तोच थर दुसऱ्या प्रयोगशाळेतही पुन्हा बनवता येतो. विज्ञानात याहून मोठी गोष्ट कोणती?

मोजणीचंही तसंच. घटाची कार्यक्षमता चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाशात, घट २५ अंश सेल्सियसवर ठेवून सांगायची असते. असा कृत्रिम सूर्यप्रकाश देणारं उपकरण महाग असतं. ते स्वस्तात आणि खात्रीचं बनवणारा संशोधक माझ्या लेखी घट बनवणाऱ्याच्या तोडीचा आहे.

पेटंटच्या बातम्या मात्र जपून वाचाव्यात. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण प्रसिद्ध होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. कित्येकदा नोंदणी असते ती डिझाइनची, आणि तिने संरक्षण मिळतं ते उपकरणाच्या बाह्य रूपाला, त्याच्या कार्यतत्त्वाला नाही. खरं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं. शोधनिबंध आधी छापून आला तर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो. त्यामुळे प्राध्यापकांनी अर्ज आधी करावा. अर्जासोबत शोधाचं तात्पुरतं विवरणपत्र दिलं तर पूर्ण विवरणपत्रासाठी पुढचे १२ महिने मिळतात, आणि २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.